आतलं पॅड

हबीबभाईंच्या गॅरेजात बाईमाणसाला बसायला जागा नव्हती. म्हणजे जागा भरपूर होती. जुने टायर होते, ऑइलचे उपडे डबे होते, एक डुगडुगणारं स्टूल होतं, आणि त्यांवर पुरुष गिऱ्हाइकं तासन्‌तास बसून देशाचा कारभार चालवत. पण एखादी बाई गाडी घेऊन आली की हबीबभाई हातातला पाना खाली ठेवायचे, मागच्या पडद्याकडं तोंड करून ओरडायचे, "अगे शाहेदा, बाई आये, चाय रख!" आणि आपल्याला म्हणायचे, "बाई, तुमी अंदर बसा. इथं शिव्या-बिव्या चालतात." त्या शिव्या बहुतेक त्यांच्याच असत.

नांदेडात जुन्या मोंढ्याच्या मागं त्यांचं गॅरेज होतं. पुढं गॅरेज, मधे एक हिरवा पडदा आणि मागं दोन खोल्यांचं घर. त्या पडद्याच्या अलीकडं आणि पलीकडं मी इतकी वर्षं ये-जा केली आहे की हबीबभाईंविषयी लिहायला बसले तर निम्मं लिहिणं पडद्यामागचंच होणार. त्याला माझा इलाज नाही.

मी शाळेत गणित शिकवते. माझी नोकरी नांदेडला, नवऱ्याची लातूरला, आणि बदलीचं म्हणाल तर दोघांच्याही साहेबांना आमचा संसार एका गावात चाललेला बघवत नसावा. त्यामुळं शनिवारी शाळा सुटली की लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी लातूर गाठायचे आणि रविवारी संध्याकाळी परत. गाडी घेताना विकणाऱ्या पोरानं "मॅडम, हिला मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक आहेत," हे इतक्या कौतुकानं सांगितलं होतं की मला वाटलं, आता ब्रेकची काळजी जन्माची मिटली. दुसऱ्याच वर्षी मागचं डावं चाक असं किंचाळू लागलं की अहमदपूरच्या स्टँडवर माणसं हातातला चहा थांबवून बघायची. एका गॅरेजनं पॅड बदलले. काही महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजनं पुन्हा बदलले, पुन्हा तेच. शेवटी शाळेतले एक सहकारी म्हणाले, "हबीबकडं जा. काम एक नंबर, तोंड मात्र दोन नंबर."

हबीबभाई उंच, काटकुळे, दाढी मेंदीनं लाल केलेली, गालात कायम सुपारी. त्यांनी बॉनेटकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, एक चक्कर मारून या, ब्रेक दाबत-दाबत. आले तेव्हा ते चारी चाकांपाशी वाकून पालथा हात जाळीजवळ धरत फिरले. पोराचा ताप बघावा तसा. मागच्या डाव्या चाकाशी थांबले आणि म्हणाले, "याला बुखार हाय." मग चाक उतरवलं, दोन्ही पॅड काढले आणि माझ्या दोन तळहातांवर एकेक ठेवलं. एक जाडजूड, जवळजवळ नवं. दुसरं झिजून पत्र्याला लागलेलं.

"सांगा बाई. यातला चोर कोण?"

मी झिजलेलं पुढं केलं.

हबीबभाईंना त्याचा कोण आनंद झाला! हे कोडं ते प्रत्येकाला घालत असणार आणि प्रत्येकाचं उत्तर चुकावं अशी त्यांची मनापासून इच्छा असणार. "समदे ह्येच म्हणतात! अवो, ह्ये बिचारं तर राबून मेलं. ह्ये आतलं पॅड. ते जाड हाय ते बाहेरचं. ते फुकट बसून खाऊन राहिलं."

"मग चोर जाडं," मी म्हटलं.

"ते बी न्हाई!" ते आणखीच खूश झाले. मग त्यांनी कॅलिपरमधनं, म्हणजे दोन्ही पॅड धरणाऱ्या लोखंडी पकडीतनं, बोटाएवढी एक पिन ओढून काढली. ओढून म्हणजे अक्षरशः दात-ओठ खाऊन. लालभडक गंज. "ब्रेक दाबला की आतलं पॅड तर ढकललं जातंच. त्याला सुटका न्हाई. बाहेरच्यानं ह्या पिनेवरनं सरकत यायचं अन् दुसऱ्या बाजूनं चकती धरायची. मंग दोघं बराबर झिजतात. पण पिन जाम झाली की बाहेरचं येतंय कुठून? ते उभं आपल्या जागी. सगळा भार आतल्यावर. अन् गंमत काय म्हणता? चाकातनं वाकून बघितलं तर बाहेरचंच पॅड दिसतंय. माणूस म्हणतो, वा, लई माल बाकी हाय."

पिनेवरची रबरी टोपी फाटली होती, तिच्यातनं पाणी गेलं होतं, एवढंच. त्यांनी पिन पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस लावलं, टोपी बदलली, आणि आधीच्या दोन्ही मिस्त्र्यांच्या घराण्याचा उद्धार केला. मला पडद्यामागं का धाडतात ते तेव्हा कळलं.

पडद्यामागं शाहेदाभाभी होत्या. देगलूरकडच्या. बुटक्या, गोऱ्या, हसताना ओढणी तोंडावर धरायच्या. आणि खाटेवर अम्मा होत्या. हबीबभाईंच्या आई. त्या न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, आणि तेव्हापासून खाटेला लागल्या. अंगानं भरलेल्या. त्यांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, पुसायचं, चादर बदलायची, भरवायचं, आणि तास-दोन तासांनी पुन्हा वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे सगळं भाभी एकटी करायची. एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. माझा चहा भाभीनं गाळायला घेतला की अम्मांची हाक यायची, "शाहेदा, अगे, पानी दे." चहा तसाच राहायचा. त्या घरात मी एकदाही गरम चहा प्यायले नाही आणि भाभी तर प्यायचीच नाही बहुतेक.

अम्मा वाईट नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. सुनेचा हात धरून रडायच्या, दुवा द्यायच्या. पण दुवेनं कंबर दुखायची थांबत नाही.

रोज संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की हबीबभाई हात धुऊन आईच्या पायथ्याशी बसत आणि पाय चेपत. त्या वेळी पडदा वर सारलेला असे. गल्लीतनं जाणारी-येणारी माणसं बघत. "बेटा असावा तर असा," असं मोहल्ल्यात सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचा आईवर फार जीव होता. मी गणिताची बाई, मला मात्र पाय चेपण्याची ती थोडी घटका आणि बाकीचा सगळा दिवस यांची बेरीज डोक्यातनं जात नसे.

त्यांचा धाकटा भाऊ नसीर लातूरला होता. गाड्यांना सीट कव्हर, पडदे, आरसे, दिवे लावायचं दुकान. हबीबभाई त्याच्याविषयी एकच वाक्य बोलत: "तो गाडीला कपडे घालतो, मी गाडीचा इलाज करतो." भाऊ वाईट नव्हता. ईदला यायचा, अम्मांना लुगडं, फळं आणायचा, डोळे पुसत परत जायचा.

एकदा मी पडद्यामागं बसले होते, बाहेर हबीबभाई कुणाला तरी "चोर कोण" विचारत होते. भाभी अम्मांच्या पाठीला पावडर लावत होती. म्हणाली, "बाई, आमच्या घरात बी दोन पॅड हाय. आतलं पॅड मी."

"आणि बाहेरचं?"

"हाय की लातुरात. नवं कोरं."

"आणि पिन?"

तिनं हनुवटीनं पडद्याकडं खुणावलं, आणि ओढणी तोंडावर धरून इतकी हसली की अम्मांनी डोळे उघडून विचारलं, क्या हुआ. मीही हसले. विनोद चांगलाच होता.

हबीबभाई हुशार होते, पण चुकायचेच नाहीत असं नव्हतं. चुकले की मात्र बघण्यासारखे होत. बिलोलीचे एक हेडमास्तर होते, त्यांच्या गाडीचं मागचं उजवं चाक तापायचं. आत-बाहेर दोन्ही पॅड त्या चाकाचे गेलेले, डाव्याचे शाबूत. हबीबभाईंनी पिना साफ करून दिल्या. मास्तर पुन्हा आले. पुन्हा पिना. मास्तर पुन्हा आले, या वेळी मुकाट्यानं नाही आले. तेव्हा कुठं हबीबभाईंनी गाडीखाली पडून हँडब्रेकची केबल बघितली. ती नळीतच गंजून अडकली होती. हँडब्रेक सोडला तरी त्या एका चाकाचा सुटतच नव्हता. कारण मास्तर आठवडाभर गाडी अंगणात उभी करत, आणि करकचून हँडब्रेक ओढून ठेवत. पावसाळाभर.

आपण दोनदा चुकलो हे कबूल करण्याऐवजी हबीबभाई मास्तरांवरच उखडले. "सपाट अंगणात हँडब्रेक? गाडी काय बैल हाय का, दावणीला बांधून ठिवायला? गिअरात टाका, चाकाला विटकर लावा अन् सोडून द्या! लई दिवस धरून ठिवलं ना मास्तर, की मंग सोडायचं म्हटलं तरी सुटत न्हाई." मास्तर बिचारे माफी मागून गेले. मी पडद्याआडून हे ऐकत होते आणि भाभी अम्मांना वळवत होती. भाभी थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि या खेपेला हसली नाही.

मग एका शनिवारी मी लातूरला निघण्याआधी ब्रेक बघून घ्यायला गेले, तर दारात नसीरची गाडी. मागची सीट आडवी करून तिच्यावर गादी घातलेली, गादीवर स्वच्छ चादर, उशीला नवा अभ्रा. नसीर आणि त्याची बायको अम्मांना न्यायला आले होते. "भाईजान, पावसाळा संपेपर्यंत तरी आमच्याकडं राहू दे. खालचीच खोली हाय, पंखा लावला, बाथरूम बाजूलाच काढलं," असं नसीर सांगत होता. त्याची बायको आत अम्मांची नखं कापत होती. भाभीनं अम्मांच्या कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. औषधांची पिशवी, पावडरचा डबा, अम्मांचा पाण्याचा तांब्या, सगळं. सकाळीच बांधलं असणार. तिच्या तोंडावर त्या दिवशी जे दिसत होतं ते मी नंतर कधी बघितलं नाही. दहावीचा पेपर सोपा गेलेल्या पोरीसारखी दिसत होती.

हबीबभाईंनी जॅक घेतला आणि नसीरची गाडी वर उचलली. मागची दोन्ही चाकं उतरवली. पिना काढल्या, घासल्या, ग्रीस लावलं. नसीर बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता. चाकं बसली, नट आवळले, जॅक उतरला. मग हबीबभाई हात पुसत म्हणाले, "जेवून जावा. अम्मा येत न्हाई. तिला सडकेचे गचके सोसणार न्हाईत."

"भाईजान, मी हळू नेतो की."

"नसीर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढलाच नाही, "अब्बांच्या मय्यतीला चार लोकांसमोर मी जबान दिली, अम्मा बड्याकडं राहील. आज तू नेलीस, तर उद्या मोहल्ला काय म्हणंल? हबीबनं आईला काढून दिलं."

जेवणं झाली. नसीरनं गादी गुंडाळली. ते गेल्यावर भाभी दाराशी खाली बसली आणि बोचक्याची गाठ सोडून एकेक कपडा पुन्हा फळीवर ठेवू लागली. मी चार कपडे घड्या करून दिले. तिनं तांब्या जागेवर ठेवला. म्हणाली, "बाई, एक महिनाभर जरी सलग झोप लागली असती ना." आत अम्मांनी हाक मारली आणि ती उठली.

मला राग आवरत नाही, हा माझा जुना स्वभाव आहे. पडदा सारून मी बाहेर आले आणि म्हटलं, "हबीबभाई, पिन जाम आहे."

"कोणत्या गाडीची?"

मी हनुवटीनं पडद्याकडं खुणावलं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग सुपारी थुंकली, दाढीवरनं हात फिरवला, आणि म्हणाले, "बाई, गाडीचं बोला. घरचं घरात."

त्यानंतर बरेच महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. "अंदर बसा" मात्र कधी चुकलं नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि राग येता-येताच दिसायचं की हा माणूस स्वतःसाठी काही राखून ठेवत नाही. दिवसभर गाड्यांखाली पडून असतो, चांगला शर्ट त्याच्या अंगावर कधी दिसत नाही. मोहल्ल्यानं त्याला 'बेटा असावा तर असा' हा एक चांगला शब्द दिला होता आणि तो शब्द त्याला सोडवत नव्हता. त्या शब्दाची किंमत पडद्यामागनं दिली जात होती, एवढंच त्याला दिसत नव्हतं. की दिसत होतं, कुणास ठाऊक.

त्या हिवाळ्यात भाभी डाव्या हाताला मलम चोळायची. "भरून येतोय," म्हणायची, "खांद्यापासनं. अम्माला ह्याच बाजूनं उचलते ना." कधी छातीशीही हात धरायची आणि म्हणायची, तिथंही ओढ बसली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. ती म्हणाली, "जाते की. कुणी अम्माजवळ बसलं म्हंजी जाते." मी म्हटलं, मी बसते, आत्ता जा. ती हसून म्हणाली, "तुमाला उचलता येईल का अम्मा? उद्या हे सोबत येतो म्हणले." हबीबभाईंनीही मला सांगितलं, "उचलून-उचलून नस धरलीया. शेक दिला की जाईल." वाकून बाहेरनं बघितलं तर भाभी ठीकच दिसत होती. चालत होती, बोलत होती, चहा ठेवत होती.

एके सकाळी ती न्हाणीतच गेली. अम्मांची चादर पिळता-पिळता. आवाज झाला तो बादलीचा झाला असं हबीबभाईंना वाटलं.

मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. हबीबभाई गॅरेजात ऑइलच्या डब्यावर बसले होते, हात मांडीवर उताणे. बायकांनी मला आत नेलं. भाभीला पांढऱ्यात निजवलं होतं, आणि पलीकडच्या खोलीत अम्मांना कुणी सांगितलं होतं की नाही ते कळेना. सांगितलं असेल, त्यांना उमगलं नसेल. कारण बायकांच्या रडण्यातनं मधूनच ती हाक येत होती, नेहमीसारखी, जरा चिडून: "शाहेदा, अगे, पानी दे."

बाहेर हबीबभाईंना ती हाक ऐकू जात होती. पडदा काय, कापडाचाच होता.

शेजारणीनं पाणी दिलं. मग दुसरीनं वळवायला हात लावला, तर तिला एकटीला जमेना. तिघी लागल्या.

तिसऱ्या दिवशी कबरीवर जियारतची दुवा झाली आणि त्याच दुपारी नसीर अम्मांना लातूरला घेऊन गेला. तीच गादी, तीच उशी. हबीबभाईंनी स्वतः उचलून आईला गाडीत निजवलं. जबान, मोहल्ला, सडकेचे गचके, काही आडवं आलं नाही. आणि मोहल्ला काय म्हणाला? मोहल्ला म्हणाला, "बरं झालं, म्हातारीची सोय लागली." बस्स, एवढंच. अम्मा लातूरला आहेत अजून. मी अधूनमधून जाते. नसीरच्या बायकोनं दिवसापुरती एक बाई ठेवली आहे, नसीर रात्रीचं बघतो. त्यात अवघड काही नव्हतं.

गेल्या महिन्यात गाडीत ब्रेकचा दिवा लागला म्हणून गॅरेजात गेले. हबीबभाईंनी दाढीला मेंदी लावणं सोडलं आहे, ती पांढरीफेक झाली आहे. मला बघून त्यांनी पाना खाली ठेवला, पडद्याकडं तोंड केलं, आणि म्हणाले, "अगे शा—"

मग त्यांनी पडद्याकडं पाठ केली.

ते डुगडुगणारं स्टूल ओढलं, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं, पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवून ते डुगडुगायचं थांबवलं. "बाई, इथंच बसा," म्हणाले. तिथं आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्या गॅरेजात बसले. कुणी शिवी दिली नाही.

त्यांनी मागचं डावं चाक उतरवलं. दोन्ही पॅड काढले आणि सवयीनं माझ्या दोन तळहातांवर ठेवले. मी बघितलं, त्यांनी बघितलं. दोन्ही संपत आलेले, पण अगदी सारखे. आतलं आणि बाहेरचं ओळखू येत नव्हतं. पिन त्यांनीच साफ ठेवली होती, दरवेळी, न चुकता.

त्यांनी कोडं घातलं नाही. माझ्या हातातनं दोन्ही पॅड उचलले, एकमेकांना लावून कडा जुळवल्या, अंगठा फिरवून बघितला.

"बराबर," ते म्हणाले. "बघा बाई, कसे बराबर झिजले."

नवे पॅड बसले, चाक चढलं. जुने पॅड ते कोपऱ्यातल्या भंगाराच्या टोपल्यात फेकत असत, लांबूनच, नेम धरून. ते त्यांनी फेकले नाहीत. फडक्यात गुंडाळले, पडदा सारला, आणि मागच्या रिकाम्या घरात फळीवर ठेवून आले.